चतुराबाईची साक्ष

जर्मनच्या डब्याचं झाकण हातातून निसटलं आणि फरशीवर टणटण करत गोल फिरत राहिलं. घर अजून झोपेत होतं. मी पायानं ते दाबलं, पण धाकट्यानं झोळीत कूस बदललीच, आणि दाराबाहेरून चतुराबाई म्हणाली, "उठीव, समद्या गल्लीला उठीव."

"आले, मावशी."

"ये की मंग, राजू. हळद काय तुझ्या वाटंला डोळे लावून बसली न्हाई."

फेब्रुवारी संपत आला होता. व्यंकटरावांच्या तीन एकर हळद काढायचं गुत्तं आमच्या टोळीनं घेतलं होतं. बारा बायका. मी सगळ्यात नवी. धाकटा सात महिन्यांचा झाला तशी कामाला लागले होते. चतुराबाई सगळ्यात जुनी. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. मुलगा बालाजी, सून, दोन नातवंडं, आणि चतुराबाईची खाट ओसरीत. मला हळद मोडायला तिनंच शिकवलं. गड्डा कुठं धरायचा, बोटं कुठल्या सांध्यावर मोडायची, नखाखाली माती गेली तर काय करायचं. "जोर लावू नको. तिचा सांधा हुडक. सांधा सापडला की ती आपसूक सुटती," ती म्हणायची.

पहिल्या दिवशी कुदळ लावायच्या आधी एक गड्डा उपटून बांधावर ठेवला. व्यंकटरावांच्या घरच्या उत्तराबाई ताट घेऊन आल्या होत्या. गड्ड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि ओळीनं उभ्या बायकांच्या कपाळाला बोट लावत त्या निघाल्या. चतुराबाई कुणी न सांगताच चार पावलं मागं सरकली आणि पाठमोरी उभी राहिली. तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिच्या मागोमाग मीही सरकले.

उत्तराबाईंचं बोट हवेतच राहिलं. "काय ग, नवरा जित्ता हाय ना तुझा?"

बायका फिसकन हसल्या.

"हाय की. आमच्यात लावत न्हाईत," मी म्हणाले.

"येशूवाले हायत ते," मागून कुणीतरी बोललं. "चुडाव्याला टेसनापल्याड पत्र्याच्या शेडात जातेत."

उत्तराबाईंनी बोट मागं घेतलं. ताट पुढं गेलं. माझे कान दुपारपर्यंत तापलेले होते.

आम्ही दोघी एकाच सरीला लागलो. खालून ढेकळं उचलायची, माती झटकायची, मोडायचं, बोटं एका पाटीत, गड्डे दुसऱ्या पाटीत. कापलेल्या पानांचे खुंट घोट्याला टोचत होते. तिनं दोन पाट्या भरल्या. मग म्हणाली, "मला सरकाव लागतं म्हणून मी सरकते. तू कामून सरकलीस?"

"आमच्या देवापुढं सवाष्ण आन् रांडमुंड असं काई नसतं, मावशी. मंग एकीला लावायचं आन् एकीला न्हाई, ते कशाला घ्यायचं?"

हे मी त्याच क्षणी जुळवलं होतं. खरं म्हणजे शेडात लावत नाहीत म्हणून मी लावत नव्हते. पण बोलून गेल्यावर मला ते फार खरं वाटलं, आणि तिनंही हात थांबवून माझ्याकडं पाहिलं.

"आसं म्हणतो तो?"

"आसंच म्हणतो."

"लय शाना दिसतो," ती म्हणाली आणि हसली. पुढचे दोन दात नव्हते तिला.

त्या दिवसापासून ती रोज काहीतरी विचारायची. माझ्या सासरी देव्हारा नव्हता, भिंतीवर लाकडाचा क्रूस होता. लग्न होऊन आले तेव्हा त्याच्याकडं पाहून मी रडले होते. मग मला चांगलं वाचता येतं म्हणून सासूबाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं, आणि रोज रात्री त्यांना वाचून दाखवता दाखवता ते माझं कधी झालं ते मलाच कळलं नाही. एवढंच माझ्याकडं होतं. चतुराबाईला सांगताना मी पास्टरसारखं सांगायला जायची आणि अडखळायची. ती सोपं करून घ्यायची.

"त्याला नारळ लागतो का?"

"न्हाई."

"उपास?"

"केला तर करावा. पण त्यानं तो खूश होतो असं न्हाई."

"मंग लागतं काय त्याला?"

"आपल्या मनात जे चुकीचं हाय ते त्याला सांगायचं. तो माफ करतो."

"फुकट?"

"फुकट."

"फुकट आलेलं घरात टिकत न्हाई, बाई." तिनं एक गड्डा कडकन मोडला. "कायतरी आसंल त्याचं. आसं कसं माफ करंल कुणी?"

"आपल्या चुकीची सजा त्यानं सोसली. आपल्या वाटची. म्हणून त्याला क्रूसावर दिलं."

ती थांबली. "दुसऱ्याची सजा?"

"व्हय."

"त्याला कुणी धरून नेलं, का तो आपखुशीनं गेला?"

"धरून नेलं, पण तो आपखुशीनं गेला. जायचं नसतं तर कोण धरणार होतं त्याला?"

यावर ती खाली वाकून भराभर मोडायला लागली. अपेक्षा, माझी सहा वर्षांची मुलगी, शाळा सुटून धाकट्याची झोळी हलवायला आली होती. चतुराबाई हमेशा तिला हाक मारायची, कमरेच्या ओट्यात लपवलेला गुळाचा खडा द्यायची. त्या दिवशी तिनं वर पाहिलंच नाही.

रोज संध्याकाळी घरी निघताना बांधावर मुकादम उभा असायचा. सटवाजी मुकादम. एकेक बाई त्याच्यापुढं जाऊन पदर झटकायची, ओटा उलटा करून दाखवायची, आणि मग वाटेला लागायची. पाच-पन्नास हळकुंडं कुणी नेऊ नयेत म्हणून ही रीत असेल असं मला वाटायचं. पहिल्या दिवशी पदर झटकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाकीच्या बायका बोलत बोलत झटकायच्या, जशी गोधडी झटकावी. चतुराबाई सगळ्यांच्या आधी पुढं जायची. दोनदा झटकायची.

कामाचा पंधरावा दिवस असेल. दुपारची भाकर खाऊन बायका लिंबाखाली आडव्या झाल्या होत्या. मी धाकट्याला पाजत होते. चतुराबाई माझ्याजवळ सरकून बसली आणि हौदाकडं बोट केलं.

"तो हौद बघितला का? बावीस वर्सं झाली. व्यंकटरावाचा शंतनु तवा रांगत व्हता. आता पुन्याला नोकरीला हाय तो. त्याच्या पायातला चांदीचा वाळा हौदापाशी पडलेला मला दिसला. उचलला मी. देऊन टाकीन म्हणूनच उचलला, आईशप्पत. पण घरात पावनं व्हते, मालकिनीला हाक मारायचं धाडस झालं न्हाई. उद्या देऊ म्हणलं. दुसऱ्या दिवशी आले तर बोंब उठलेली. आता दिला तर म्हणतील, काल का न्हाई दिला?"

धाकटा पिता पिता झोपला होता. मी त्याला तसाच धरून बसले.

"त्या दिवशी हौदावर धुनं पार्वतीबाई धूत व्हती. तिच्यावर आळ आला. समद्यांदेखत तिचा पदर झटकला, मंग लुगडं सोडाय लावलं. मी तिथंच उभी व्हते, राजू. ह्या लिंबापाशी. तिच्या नवऱ्यानं तिला कासऱ्यानं मारली. महिन्याभरात ती झरीला भावाकडं निघून गेली ती गेली. वाळा मी हिरीत टाकला. तवापासून ह्या वावरात पदर झटकायची रीत पडली. सटवाजीच्या बापानं पाडली."

तिच्या हाताची बोटं पिवळी, नखं चिरलेली. एका हातानं दुसरा हात दाबत होती.

"तू म्हणलीस ना, दुसऱ्यानं आपली सजा सोसली. मला ते लगीच कळालं. मला ठाव हाय दुसऱ्यानं सोसलेली सजा कशी दिसती ते. पण तुझा देव आपखुशीनं गेला. तिला कुणी इचारलं न्हाई." मग खाली बघत म्हणाली, "हे बी माफ करतो का तो?"

"करतो," मी म्हणाले. "हे बी करतो, मावशी."

"करू दे. पण मला तिच्यापाशी जायचंय. हळद निघाली की मी झरीला जाते. सहा दिस ऱ्हायलेत. तिच्या पायावर डोस्कं ठेवते, मंग व्यंकटरावाला सांगते, मंग बालाजीला. तू चल माझ्यासंगं. तुझ्या देवाचे दोन शबूद तू बोल तिच्यापाशी, मला न्हाई तसं बोलता येत."

"येते."

"तवर कुणाला सांगू नको. लेकराची शपथ घे."

"आमच्यात शपथ घेत न्हाईत, मावशी. आमचं हो म्हंजे हो."

"मंग हो म्हण."

मी हो म्हणाले.

दुसरा दिवस रविवार होता. टोळीला सुट्टी. नवऱ्याच्या, विवेकच्या सायकलीवर पुढं अपेक्षा, मागं मी आणि मांडीवर धाकटा, असे आम्ही चुडाव्याला गेलो. शेडात वीस-पंचवीस माणसं होती. गाणी झाली, आणि मग हमेशाप्रमाणे पास्टर म्हणाले, "ह्या आठवड्यात प्रभूनं कुणाच्या आयुष्यात काम केलं? साक्ष कोण देतंय?"

साक्षीची वेळ आली की मी खाली मान घालायची. माझ्या सासूबाईंकडं साक्ष होती, त्यांच्या नवऱ्याची दारू सुटल्याची. विवेककडं होती, विजेच्या खांबावरून पडून वाचल्याची. कुणाचं दुखणं गेलेलं, कुणाचं भांडण मिटलेलं. माझ्याकडं काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी नुसत्या टाळ्या वाजवत आले होते.

त्या दिवशी मी उठले. धाकटा कडेवर होता.

"आमच्या टोळीत एक म्हातारी हाय," मी सुरुवात केली.

नाव घ्यायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. नाव घेतलंही नाही. पण वाळा सांगितला, हौद सांगितला, दुसऱ्या बाईचं लुगडं सांगितलं, विहीर सांगितली. मी तिला कसं समजावलं आणि तिला कसं कळलं ते सांगितलं. माझा आवाज मलाच वेगळा ऐकू येत होता. एरवी मी घालायची तशी मान कुणीच खाली घालत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. एक बाई डोळे पुशीत होती. शेवटी पास्टर म्हणाले, "प्रभूची स्तुती असो," आणि सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. परत येताना विवेक सायकल दामटत म्हणाला, "चांगलं बोललीस तू. मला वाटलं नव्हतं." मी त्याच्या पाठीला गाल लावून बसले होते. मला खूप बरं वाटत होतं, ही गोष्ट मला लपवता येत नाही.

शेडात आमच्या गावातली आणखी दोन घरं होती. त्यांनी वाईट मनानं सांगितलं असं मी म्हणणार नाही. कुणीतरी चांगली गोष्ट म्हणूनच सांगितली असेल. आमच्या टोळीत म्हातारी एकच, आणि वाळ्याची गोष्ट साऱ्या गावाला माहीत. मंगळवारी ही गोष्ट नळावर पोचली. बुधवारी वावरात.

दहाच्या सुमाराला व्यंकटराव बांधावरून चालत आले. मागं उत्तराबाई. एरवी ते वावरात आले की बायकांना "पाणी पिल्या का ग?" विचारायचे. त्या दिवशी सरीच्या तोंडाशी उभे राहिले.

"चतुराबाई."

"जी."

"वाळा कुठाय?"

चतुराबाईच्या हातात अर्धा मोडलेला गड्डा होता. तिनं व्यंकटरावांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. सरीत भलतंच काही उगवलेलं दिसावं तसं, हे काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करत.

"हिरीत हाय," ती म्हणाली.

"बावीस वर्सं माझ्या हौदाचं पाणी पिलीस," व्यंकटराव म्हणाले. खाली बसल्यासारखे वाकले आणि परत सरळ झाले. "त्या पार्वतीला मी... माझ्या आईनं काय काय केलं तिचं."

उत्तराबाई पुढं आल्या. "पदर झटक."

"आता? कामाच्या मधी?" सटवाजी मुकादमसुद्धा चाचरला.

"झटक म्हणते ना."

चतुराबाई उभी राहिली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. पदर झटकला. ओटा उलटा केला. गुळाचा खडा मातीत पडला. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्या हसणारीला कोपर मारलं. मी तिथंच होते, तिच्यापासून दोन हातांवर. मी दुसरीकडं बघत एक हळकुंड मोडत होते. सांधा सापडत नव्हता, मी नुसती पिळत होते.

दुपारी बालाजी आला. आईचा डबा आणि चुंबळ उचलली आणि पुढं चालायला लागला. ती मागून गेली. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता. "माझ्या लेकरांनी गावात कसं फिरायचं? सांग की. कसं फिरायचं?"

सकाळी मी गेले. ती ओसरीत खाटेवर बसली होती. जवळ एक पिशवी भरून ठेवलेली. सून आतून बघत होती. मी तिच्या पायाशी बसले.

"मावशी, मी नाव घेतलं नव्हतं."

"व्हय का."

"माझं चुकलं."

"तू खोटं न्हाई बोललीस," ती म्हणाली. "जे झालं तेच सांगितलंस. मी केलंच व्हतं ते."

"चल, आपन आत्ताच झरीला जाऊ. मी काम सोडते आज. आत्ता निघू."

ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट वळली. डोळे कोरडे होते.

"आता जाऊन काय सांगू तिला? ती म्हणंल, धरलं म्हणून आली. बावीस वर्सं न्हाई आली, आता गावानं तोंडाला काळं फासलं तवा आली. मी आपखुशीनं येनार व्हते हे तिला कोन सांगंल? तू सांगनार?"

मी पिशवीचा बंद धरला आणि सोडला.

"सहा दिस," ती म्हणाली. "सहा दिस थांबली आसतीस, राजू."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि लगेच काढून घेतला, चुलीवरचं भांडं तापलंय का बघावं तसा. बालाजीनं तिला चुडाव्याच्या स्टेशनावर सोडलं. मुलीकडं पाठवली, येलदरीला. तिथं तिचा जावई धरणावर मासे धरतो. तिला मासळीचा वास सोसत नाही, हे मला सगळ्या गावात एकटीलाच माहीत असेल.

हळद शनिवारी निघाली. अकराजणींनी काढली. शेवटच्या दिवशी उत्तराबाईंनी प्रत्येकीला ओटीभर हळकुंडं दिली. मला देताना म्हणाल्या, "तुझ्यामुळं खरं बाहेर आलं बाई. तुमचा देव जागृत हाय म्हणायचा." मी ओटी पसरली. घरी येऊन ती हळकुंडं कुठं ठेवावीत ते मला कळेना. सासूबाईंनी काही न विचारता वाळत घातली.

रविवारी शेडात पास्टरांनी माझं नाव घेऊन विचारलं, "राजेश्रीताई, त्या मावशींचं पुढं काय झालं? त्या कधी येतात उपासनेला?" सगळ्यांनी माझ्याकडं मान वळवली. मी उठून उभी राहिले. मला कबूल करायचं होतं. माझं पाप मला सगळ्यांपुढं सांगायचं होतं, तोंडाशी आलं होतं. पण ते सांगायला गेले की पहिलं वाक्य तिचंच येत होतं. वाळा, हौद, ओसरीतली खाट. माझी कबुली द्यायची तर पुन्हा तिचीच गोष्ट चारचौघांत मांडायची.

"प्रार्थना करा," एवढंच म्हणून मी बसले. हालेलूया झालं. त्या वेळी मी डोळे मिटून येशूला म्हणाले, तू माफ करतोस हे मी तिला सांगितलं होतं, ते खरं आहे ना? मला ते खरं वाटतं अजून. तेवढं माझ्यापाशी राहिलंय. पण ते आता मी येलदरीपर्यंत कुठल्या तोंडानं नेऊ?

दुपारी घरी आल्यावर मोरीत बसून हात घासत होते. विवेक बाहेर सायकलीची साखळी बसवत होता. अपेक्षा कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. जवळ आली नाही, उंबऱ्यातच थांबली. परवा शाळेतून आल्यापासून ती अशीच गप्प होती. मी कामाच्या नादात विचारलं नव्हतं.

"आई, तुला एक सांगू का?"

"सांग की, बाळा."

ती मागं वळून बापाकडं बघून आली. मग फ्रॉकची कड दोन्ही मुठींत धरून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"पण तू साक्षीत सांगनार न्हाईस ना?"